ग्रीनलँडचे स्वर सुधारा, घरबसल्या!

दुसऱ्याचं बोलणं दुरुस्त करण्याची हौस माणसाला उपजतच असते. बहुतेकजण मात्र ती जेवायला बसल्यावर, हाताशी असलेल्या नातेवाइकांवरच भागवून घेतात आणि एवढी गुणवत्ता वाया जाते. तुम्ही तसं करू नका. तुम्ही थेट ग्रीनलँडला हात घाला.

ग्रीनलँडच का? एक तर जगातलं सर्वांत मोठं बेट, आणि त्यावर माणसं सारी ५६ हजारांच्या आसपास. एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचं तर विमान, हेलिकॉप्टर नाहीतर बोट. ज्याची चूक काढली तो दुसऱ्या दिवशी सकाळी दारात येऊन उभा राहण्याची भीती जवळजवळ नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: या भाषेत स्वर मोजून तीन. फ्रेंच सुधारायला निघालात तर उमेद तिथेच संपेल. हा अभ्यासक्रम रविवारच्या एका दुपारीत उरकतो. लागणारी वृत्ती आम्ही शिकवत नाही. मराठी वाचक ती घरूनच घेऊन येतो.

१. आधी स्वर मोजा, आणि दोन्ही उत्तरं पाठ ठेवा

आ, इ, उ. झालं. प्रत्येकाचा ऱ्हस्व आणि दीर्घ असा भेद आहे आणि त्याने शब्दाचा अर्थ बदलतो, पण नवशिक्याने इतक्या खोलात जाऊ नये.

मग नकाशात ए आणि ओ कुठून येतात? क़ाक़ोर्तोक़, क़ेक़ेर्तार्सुआक़, मानीत्सोक़ ही नावं पाहून घाबरू नका. (नुक्ता दिलेला क़ घशाच्या अगदी तळाशी काढायचा. जमत नसेल तर खोकला आल्याचं दाखवून वेळ मारून न्यावी.) हा क़ किंवा तिथलाच घशातला र पुढे आला की त्याच्या आधीचा इ खाली घसरून ए होतो आणि उ घसरून ओ होतो. पांढरं अस्वल म्हणजे नानोक़. अनेक अस्वलं आली की शेवटचा क़ जातो आणि ओ निमूटपणे उ होतो: नान्नुत. घर म्हणजे इल्लु; घरं असलेली जागा, म्हणजे शहर, इल्लोक़ार्फिक. उ तोच, शेजारी क़ राहायला आला म्हणून दबून बोलतो.

आता डावपेच लक्षात घ्या. कोणी म्हणालं, ‘ग्रीनलँडीत पाच स्वर आहेत’, तर मंद हसून म्हणा, ‘स्वनिम तीनच.’ कोणी म्हणालं, ‘तीन आहेत’, तर तसंच हसून म्हणा, ‘लिहिताना पाच.’ दोन्ही वेळा तुम्ही बरोबर असाल. या क्षेत्रात असं सुख वारंवार मिळत नाही, तेव्हा पुरेपूर घ्या.

२. एक प्रमाण निवडा. म्हणजे, निवडलेलंच आहे, ते घ्या

चूक काढायची तर आधी बरोबर काय ते हवं. त्यासाठी तुम्हाला राबायची गरज नाही. ते काम साम्युएल क्लाइनश्मिट यांनी करून ठेवलं आहे. मोरावियन पंथाच्या मिशनऱ्याचा हा मुलगा १८१४ साली दक्षिण ग्रीनलँडमध्येच जन्मला आणि आयुष्याचा बहुतेक काळ तिथेच राहिला. त्यांचं ग्रीनलँडी भाषेचं व्याकरण १८५१ साली प्रसिद्ध झालं. जर्मन भाषेत. बर्लिनमध्ये.

इथे थांबून दाद द्या. सील मारून जगणाऱ्या लोकांच्या भाषेचं शुद्धलेखन बर्लिनच्या छापखान्यातून बांधून आलं, आणि चांगलं आलं, हे मान्य केलं पाहिजे. क्लाइनश्मिट यांचा कान तयार होता, पण तो कान पश्चिम किनाऱ्यावर होता. म्हणून पश्चिमेची बोली, कलाल्लिसुत, ही ‘भाषा’ झाली, आणि बाकीच्या होत्या तिथेच राहिल्या. तुम्ही कधीही ‘पश्चिमेची बोली’ म्हणू नका. ‘ग्रीनलँडी भाषा’ म्हणा. बोली नेहमी दुसऱ्यांची असते.

सावधगिरीची एक सूचना. १९७३ साली शुद्धलेखन बदललं. क्लाइनश्मिट यांची डोक्यावर टोप्या आणि तिरप्या रेघा मिरवणारी स्वरचिन्हं गेली, दीर्घ स्वरासाठी अक्षर दोनदा लिहायचं ठरलं, क़साठी त्यांनी वापरलेलं खास अक्षरही गेलं. म्हणजे १९७२ साली जो माणूस शुद्ध लिहीत होता, तो पुढच्या वर्षी जागच्या जागी अशुद्ध झाला, तोंडातून एक अक्षरही वेगळं न काढता. त्याच्याबद्दल हळहळ व्यक्त करा आणि पुढे चला. मात्र १८६१ साली सुरू झालेल्या ‘आतुआगाग्द्लिउतित’ या वर्तमानपत्राला पत्र पाठवून त्याचं नाव दुरुस्त करायला सांगू नका. नव्या नियमाने ते ‘आतुआगाल्लिउतित’ व्हायला हवं, हे त्यांना ठाऊक आहे. त्यांनी जुनंच ठेवलं. प्रतिष्ठितांची चूक ही परंपरा असते.

३. गुन्हेगार गाठा

तो पूर्व किनाऱ्यावर आहे. तासीलाक़, कुलुसुक आणि आसपासची वस्ती. बोलणारे तीन हजारांच्या घरात, म्हणजे दुरुस्तीला अगदी बेताचे.

यांचा अपराध असा, की यांनी उकाराच्या वेलांट्या केल्या. ग्रीनलँडच्या गावांच्या नावांत ‘-मिउत’ हा शेवट फार. अर्थ ‘तिथले राहणारे’, आपल्या आडनावांतल्या ‘-कर’सारखा. पश्चिमेला सिसिमिउत, पामिउत. पूर्वेला जा, की ‘-मिउत’चं ‘-मीत’ होतं. पश्चिमेने ज्याला कूम्मिउत म्हटलं, ते तिथल्या माणसाच्या तोंडी कूम्मीत. खुद्द बोलीचं नाव तुनुमीत ओरासीआत, ‘पूर्वेकडच्यांची भाषा’. पश्चिमेचा माणूस त्या लोकांना तुनुमिउत म्हणतो. म्हणजे ही मंडळी स्वतःचं नाव सांगतानाच पहिली चूक करतात. तुमचं काम किती सोपं झालं पाहा.

नवशिक्याने सरावासाठी इत्तोक़्क़ोर्तोर्मीत हे गाव घ्यावं. लोकसंख्या चारशेच्या आत, गाव छोटं, नाव मोठं. पश्चिमेच्या वळणाने ते इल्लोक़्क़ोर्तोर्मिउत, ‘मोठ्या घरांत राहणारे’. पूर्वेच्या तोंडात ‘ल्ल’चं ‘त्त’ झालं आणि शेवटच्या ‘मिउत’चं ‘मीत’. एका नावात दोन बदल! आणि आता मन घट्ट करा: अधिकृत नकाशावर हेच, पूर्वेचं रूप छापलेलं आहे. १९२५ मध्ये एयनार मिकेल्सन या डॅनिश संशोधकाच्या पुढाकाराने हे गाव वसलं तेव्हा राहायला आलेले बहुतेकजण आम्मास्सालिक भागातलेच होते, म्हणजे पूर्वेचेच. डॅनिश लोकांनी त्याला स्कोर्सबिसुंड म्हटलं होतं, एका इंग्रज देवमासे-शिकाऱ्याच्या नावावरून. गावकरी आपलं म्हणत राहिले. शेवटी नकाशाने माघार घेतली. असे प्रसंग आपल्या व्यवसायात येतात; ते सहसा कोणाला सांगू नयेत.

४. नियम विचारू नका

हे कलम दोनदा वाचा. नवशिके इथेच फसतात.

तुम्हाला वाटेल, पूर्वेला प्रत्येक उचा इ होतो, म्हणजे खोडरबर घेऊन बसलं की झालं. मग कूम्मीतमधला पहिला ऊ का टिकला? ‘तुनु’मधले दोन्ही उ तसेच का? इसोर्तोक़ हे गाव पाहा. पूर्वेला ते इसेर्तोक़. पहिला ओ, म्हणजे मुळात उ, बदलून ए झाला, म्हणजे मुळात इ. शेवटच्या ‘तोक़’मधला ओ मात्र जागचा हलला नाही. एकाच शब्दात, दोन अक्षरांच्या अंतरावर, एक उ गेला आणि एक राहिला.

याला कारणं आहेत. आजूबाजूला कोणती व्यंजनं आहेत, ओठांनी उच्चारायचं काही शेजारी आहे का, स्वर शब्दात कुठल्या ठिकाणी आहे, अशा अटींवर हा बदल चालतो. तासीलाक़चं पाच वर्षांचं पोर त्या अटी एकही न चुकता पाळतं. तुम्हाला त्या पाळता येणार नाहीत. म्हणूनच म्हणायचं, ‘हे लोक काहीही बोलतात.’

ज्या नियमाचा पत्ता आपल्याला लागत नाही त्याला ढिलाई म्हणतात. हे वाक्य वहीत उतरवून घ्या, मुलाखतीत उपयोगी पडतं.

५. शब्दसंग्रह जमवा

स्वर एकच बदलतो, पण त्याचं वर्णन करायला दोन पेट्या लागतात. पहिल्या पेटीत ‘विकास’, ‘सुलभीकरण’, ‘भाषेची स्वाभाविक वाटचाल’ ठेवा. दुसरीत ‘भ्रंश’, ‘अपभ्रष्ट रूप’, ‘उच्चारातला आळस’. कुठलं लेबल कुठल्या किनाऱ्याला लावायचं ते आता तुम्हाला कळलंच आहे.

काही नमुने देतो. कॅनडातला इनुइत माणूस रक्ताला आउक म्हणतो. पश्चिम ग्रीनलँडमध्ये ते आक. म्हणजे पश्चिमेने ‘आउ’मधला उ गिळून टाकला, आणि एकाच शब्दात नव्हे, सगळीकडे, ‘आइ’चंही तेच, शब्दाच्या शेवटी तेवढा तो सुटला. कॅनडातलं इग्लु पश्चिमेला इल्लु झालं. हे सगळं पहिल्या पेटीतलं. विकास!

पूर्वेने ‘इउ’चं ‘ई’ केलं? दुसरी पेटी.

अजून जुनं उकरायचं तर, या सगळ्या बोलींच्या पूर्वजभाषेत एक चौथा स्वर होता, मराठी ‘अ’च्या जवळपासचा. अलास्कात युपिक लोकांनी तो आजही सांभाळला आहे. ग्रीनलँडमध्ये तो इ मध्ये विरून गेला, पश्चिमेला आणि पूर्वेलाही. म्हणजे चौथा स्वर हरवला त्याला इतिहास म्हणायचं आणि तिसरा डळमळला त्याला घसरण. युपिक लोकांच्या हाती हे मार्गदर्शन पडणार नाही याची काळजी घ्या. त्यांनी सुधारायला सुरुवात केली तर अख्ख्या ग्रीनलँडला पहिलीत बसावं लागेल.

६. व्यंजनांच्या नादी लागू नका

तुमचं खातं स्वरांचं. पूर्वेला व्यंजनांनीही बरेच उद्योग केले आहेत. पश्चिमेचं तिनितेक़िलाक़ हे गाव पूर्वेला तीलेरिलाक़ होतं: मधला न गळाला, दोन इ एकमेकांना भिडून दीर्घ झाले, तचा ल झाला, क़चा र. याचा हिशेब मांडायला बसलात तर रविवार जाईल. कोणी विचारलं तर ‘ते वेगळ्या विभागाकडे आहे’ असं सांगा.

शब्दांचंही तसंच. पूर्वेचे कितीतरी शब्दच निराळे आहेत, कारण तिथे मेलेल्या माणसाचं नाव उच्चारायचं नाही अशी चाल होती, आणि माणसांची नावं तर रोजच्या वापरातलेच शब्द. कोणी गेलं की त्याच्या नावाची वस्तूही नव्या नावाने ओळखायची. त्यातून तयार झालेले शब्द फार मजेदार आहेत, पण मजा हा आपला विषय नाही.

७. इतिहास बेताने वाचा

गुस्ताव होल्म नावाचे डॅनिश नौदल अधिकारी कातड्याच्या बोटींतून पूर्व किनाऱ्याने वर गेले आणि १८८४ साली आम्मास्सालिकला पोचले. त्यांनी शिरगणती केली: ४१३ माणसं. बाहेरच्या जगाशी त्यांचा जवळजवळ संबंध नव्हता. व्यापारी ठाणं आणि मिशन आलं १८९४ मध्ये. म्हणजे त्या ४१३ जणांना आपला स्वर चुकतो आहे हे तोवर कोणी सांगितलंच नव्हतं! पिढ्यान्‌पिढ्या ते चुकीच्या वेलांटीत शिकारीला जात होते, चुकीच्या वेलांटीत लेकरं झोपवत होते, आणि कोणाला काही कळत नव्हतं. बिचारे.

विल्यम थाल्बित्सर हे डॅनिश भाषातज्ज्ञ मात्र टाळा. १९०४ साली त्यांनी या भाषेच्या ध्वनींवर जाडजूड ग्रंथ लिहिला, मग १९०५-०६चा हिवाळा आम्मास्सालिकमध्ये काढला आणि तिथली गाणी फोनोग्राफवर उतरवून घेतली. जे ऐकलं ते लिहिलं. सुधारलं काहीच नाही. अशी माणसं आपल्या उपयोगाची नसतात.

क्नुद रासमुसेन यांच्याबद्दलही जपून बोला. १८७९ साली इलुलिस्सातला जन्मलेला हा माणूस लहानपणापासून ग्रीनलँडी बोलायचा. १९२१ ते १९२४ या काळात त्यांनी कुत्र्यांच्या घसरगाडीने कॅनडा ओलांडून अलास्का गाठलं आणि वाटेतल्या इनुइतांशी आपल्या घरच्या भाषेच्या जोरावर बोलत गेले. ग, ल, आउ, आ, सगळं वेगळं, तरी लोकांना कळत होतं. स्वर न सुधारताही इतकं लांब जाता येतं, हे विद्यार्थ्यांना सांगितल्यास शिकवणीवर परिणाम होतो.

८. मुलांपासून सुरुवात करा

मोठ्यांची जीभ वळत नाही, लहानांची वळते. शिवाय यंत्रणा आयती आहे. पूर्वेच्या बोलीला मान्य लेखनपद्धती नाही. शाळेतली पुस्तकं पश्चिमेच्या भाषेतली. म्हणजे तासीलाक़चं मूल घरून एक भाषा घेऊन येतं, वर्गात दुसरी वाचतं, मग तिसरी डॅनिश, त्यामागून चौथी इंग्रजी. पहिलीत बसताच त्याला समजतं की आजी जे बोलते ते लिहिता येत नाही.

अशा वेळी मुलाच्या डोक्यावरून हात फिरवा. म्हणा, ‘बाळ, घरी काहीही बोल, वहीत मात्र नीट लिही.’ हे वाक्य फार प्रेमळ वाटतं आणि काम चोख करतं. मूल वहीत नीट लिहू लागतं. घरी मात्र गप्प बसायला शिकतं. शुद्धतेच्या दृष्टीने ही लक्षणीय प्रगती आहे, कारण न बोललेल्या शब्दात स्वर चुकत नाही.

२००९ साली स्वशासनाचा कायदा आला आणि ग्रीनलँडी ही देशाची राजभाषा झाली. डॅनिशच्या छायेत दोनशेहून अधिक वर्षं काढलेल्या समाजाने मिळवलेला तो मान होता, आणि त्याबद्दल खरंच टाळ्या वाजवाव्यात. टाळ्या थांबल्या की बारीक आवाजात विचारा, ‘ग्रीनलँडी म्हणजे कुठली?’ मग स्वतःच उत्तर द्या, इतरांना संधी देऊ नका.

९. उपेर्नाविकचं काय करायचं

इतका वेळ सगळं सुरळीत होतं: पश्चिम शुद्ध, पूर्व अशुद्ध. आता एक अप्रिय बातमी. उपेर्नाविक हे गाव पश्चिम किनाऱ्यावर आहे, वर उत्तरेला, बहात्तर अंशांच्याही पलीकडे. तिथले लोकही उचा इ करतात.

पश्चिमेला! आपल्याच माणसांत!

उपेर्नाविक आणि पूर्व किनारा यांच्या मध्ये ग्रीनलँडचा सगळा हिमस्तर पसरला आहे, काही ठिकाणी तीन किलोमीटर जाडीचा. तिकडून इकडे एखादा स्वर बर्फ पोखरून आला असेल असं वाटत नाही. लोक कुठून कसे सरकले, किनाऱ्याकिनाऱ्याने कोण कुठे पोचलं, यावरून अभ्यासक याची सांगड घालायचा प्रयत्न करत आले आहेत. तुम्ही त्यात पडू नका. उपेर्नाविकचा विषय निघाला की त्या गावाच्या नावाचा अर्थ ‘वसंताची जागा’ असा आहे, एवढं सांगून हवामानाकडे वळा.

अगदी उत्तरेच्या थूले भागालाही वळसा घाला. ती मंडळी सच्या जागी ह म्हणतात. सुरीला पश्चिमेला साविक, त्यांच्याकडे हाविक. १९५३ साली अमेरिकी हवाई तळासाठी त्यांना जुन्या वस्तीतून उठवून क़ानाक़ला नेलं. त्यांना सुधारून घेणारे आधीच भेटून गेले आहेत.

१०. प्रत्यक्ष भेट

टाळा. टाळता येत नसेल तर एवढं करा.

कुलुसुकच्या विमानतळावर उतरून हेलिकॉप्टरने तासीलाक़ला जावं लागतं. तिथे पोचल्यावर कोणी सहज विचारेल, तुम्ही काय करता? ‘स्वर सुधारतो’ म्हणू नका. ‘पक्षी बघतो’ म्हणा. गावाचं नाव उच्चारायची वेळ आली तर शेवटचा क़ तुमच्या तोंडून साधा क म्हणून बाहेर पडेल. समोरची बाई हसेल, मग तुम्हाला तो तीनदा म्हणून दाखवेल, तोंड उघडून, जीभ कुठे न्यायची ते दिसेल असं. चौथ्यांदाही जमला नाही तर ती म्हणेल, चालतं, कळतं आम्हाला. हा तुमचा अपमान आहे असं समजू नका. तिला कोणी प्रशिक्षण दिलेलं नाही.

हवा बिघडली तर हेलिकॉप्टर उडत नाही, आणि ती पूर्व किनाऱ्यावर वरचेवर बिघडते. सामानात लोकरीचे मोजे दोन जोड जास्त टाका. क्लाइनश्मिट यांचं व्याकरण घरीच ठेवलेलं बरं. वजनाला मर्यादा असते.